सुनेची सही

माझं अक्षर चांगलं आहे. बालवाडीच्या बाईचं असावं तसं गोल, टपोरं, रेघ न सोडणारं. या अक्षरापायी माझ्या सुनेवर देश सोडायची वेळ येऊ शकत होती, आणि घरात हे वर्षभर माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

लालबागच्या आमच्या चाळीत कुणाचाही फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. गॅसचा, रेशनचा, शाळेचा, गिरणी कामगारांच्या घरांचा. तीस वर्षं मी महापालिकेच्या शाळेत बालवाडी घेतली. तिथं मुलं कमी आणि कागद जास्त. आई कामावर, बाप पाळीवर, आणि कागद तर आजच वर पाठवायचा. मग 'पालकांची सही' लिहिलेल्या रेघेवर मीच काहीतरी गिरवून मोकळी व्हायचे. कधी कुणाचं बिघडलं नाही, उलट पालक दिवाळीला फराळ आणून द्यायचे. त्यातूनच मला खोड लागली. दुसऱ्याचं भलं आपल्याला दिसत असेल तर त्याला विचारत बसायचं नाही, उरकून टाकायचं.

माझा मुलगा तेव्हा प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होता. यजमान आधीच गेले होते, घरात मी एकटी. एका सुट्टीत तो येताना फिलिपिन्सची मुलगी घेऊन आला. ती त्याच बोटीवर खोल्या आवरायच्या कामाला होती. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून बांगडे आणले तर ही मोरीशी उकिडवी बसली आणि सुरीच्या दोन फटक्यांत एकेक बांगडा साफ करून पाटीत टाकू लागली. तिच्या गावातही समोर समुद्र आणि मागे माड. डोकी तिनं टाकली नाहीत, सारासाठी बाजूला ठेवली. त्या डोक्यांनी मला जिंकलं, खोटं कशाला बोलू.

लग्न आधी नोंदणीचं झालं, मग परळच्या एका हॉलमध्ये आपल्या पद्धतीनं. भटजींनी ताटात तांदूळ पसरले आणि सुनेचं नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं. नाव मी ठरवूनच गेले होते. मुलानं अंगठीनं ते तांदळात लिहिलं. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. ती हसली, आणि त्या हसण्याला मी होकार समजले.

मी स्वतः मालवणजवळच्या एका गावातून अशीच आले. तांदळात माझं नाव बदललं त्या दिवशी मी माहेरची सुटले आणि सासरची झाले. माहेरचं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर आहे. मला कधी कुणी कागद दाखवायला बोलावलं नाही. मग हिचं वेगळं काय असणार? मंगळसूत्र झालं, नाव झालं, गावी जाऊन कुळदेवीची ओटी भरून झाली. नवऱ्याचं घर ते बायकोचं घर आणि नवऱ्याचा देश तो बायकोचा देश, यात शंका घेण्यासारखं मला काही दिसलंच नाही. ती ठरावीक मुदतीनं व्हिसा वाढवायला कागदांची पिशवी घेऊन जायची. मला वाटायचं, पेन्शनवाल्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो तसलंच काहीतरी असेल.

समोरच्या खोलीत माझ्याच वयाची वहिनी राहते. जीव लावणारी, पण जिभेला हाड नाही. सून आली त्याच्या दुसऱ्या वर्षी गॅलरीत तांदूळ निवडताना ती मला म्हणाली, "पावणी बरी आसा गो तुझी. पण पावणीच ती. खयच्या दिवशी इमानात बसात, सांगूक येवचा नाय."

माझ्या ते जिव्हारी लागलं. सून तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती.

त्याच आठवड्यात आमच्या भागातला एक कार्यकर्ता नव्या मतदारांचे फॉर्म घेऊन चाळीत आला. नेहमीप्रमाणे माझ्याच दारात बसला.

"मावशी, तुमच्याकडे कोण नवीन?"

"आहे ना. सून."

"मग टाका तिचं पण. रेशन कार्डची झेरॉक्स द्या. फोटो आहे का?"

व्हिसासाठी काढलेल्या फोटोंतले दोन कपाटात उरले होते. मी काढून दिले. फॉर्म माझ्याच अक्षरात भरला. नाव मी ठेवलेलं, आडनाव आमचं. खाली 'मी भारताची नागरिक आहे' असं छापलेलं होतं. मी ते वाचलं नाही असं म्हणायची सोय नाही. वाचलं, आणि मान डोलावली.

"इथं त्यांची सही लागेल," तो म्हणाला.

सून दवाखान्यात तपासणीला गेली होती. मी म्हटलं, "आण इकडे."

महिना-दीड महिन्यानं पोस्टानं कार्ड आलं. मी पहिल्यांदा समोरच्या वहिनीला नेऊन दाखवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातावर साखर ठेवली. "झाली गो आता आपली," म्हणाली. मी तरंगतच घरी आले. सुनेला बारशाच्या दिवशी द्यायचं ठरवून ते कार्ड माझी नथ ठेवते त्या स्टीलच्या डब्यात ठेवलं. बारशाच्या गडबडीत राहून गेलं, आणि मग राहूनच गेलं.

नात सहा वर्षांची झाली. मुलानं बोट सोडली आणि वरळीच्या एका हॉटेलात नोकरी धरली. अर्जाला लागणारी सुनेची इथली सात वर्षंही भरली होती, तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज करायचं ठरलं. दादरला एक वकीलबाई असले अर्ज भरून देतात. आम्ही चौघंही गेलो. मी नातीला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसले होते. वकीलबाई एकेक कागद तपासत होत्या. तपासता तपासता त्यांनी सहज विचारलं, "मतदार कार्ड वगैरे काही काढलेलं नाही ना?"

मुलगा हसला. "कुठून असणार?"

"हसू नका. लोक काढतात. कोणीतरी एजंट काढून देतो आणि हे खूश होतात. परदेशी व्यक्तीनं मतदार यादीत नाव घालणं गुन्हा आहे. अर्ज तर जातोच, वर देश सोडायची नोटीस येऊ शकते. मग नवरा इथला आहे, मूल इथलं आहे, कोणी ऐकत नाही."

"No, no. काही नाही," सून म्हणाली. तिनं अर्जावर सह्या केल्या. तिची सही मी पहिल्यांदा नीट पाहिली. बारीक, उजवीकडे झुकलेली, शेवटी एक छोटी रेघ.

माझी पाचावर धारण बसली. नात म्हणाली, "आजी, घट्ट धरू नकोस ना." तिच्या दंडावर माझी बोटं उमटली होती.

तिथं त्याच क्षणी बोलायला हवं होतं. नाही बोलले. घरी गेल्यावर बोलू म्हटलं. घरी मुलानं श्रीखंड आणलं होतं. ती आनंदात होती, तिच्या आईला फोन लावून त्यांच्या भाषेत भरभर बोलत होती. मी वाट्या मांडल्या आणि श्रीखंड वाढलं.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. मी भित्री बाई नाही. भाडं वाढवायला आलेल्या मालकाच्या माणसाला मी झाडू घेऊन जिना उतरायला लावलं आहे. पण आता पोस्टमन खालून हाक मारायचा तर बाकी कुणी जायच्या आत मीच धावत खाली जायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. चाळीत खाकी शर्टातला विजेचा मीटर बघणारा आला तरी मी आत जाऊन डब्यावर हात ठेवायचे. कार्ड कात्रीनं कापून पाहिलं, कोपरा कातरला गेला आणि हात थांबला. कापून होणार काय? नाव तर यादीत होतं. एकदा निर्माल्याच्या पिशवीत घालून ते दादर चौपाटीपर्यंत नेलं. निर्माल्य कलशात टाकणार तर त्यातल्या फुलांत सुनेचा फोटो वर तोंड करून माझ्याकडे बघत होता. अशुभ वाटलं. परत आणलं.

रोज सकाळी ती नातीची वेणी घालायची आणि नात मराठी धडा मोठ्यानं वाचायची. आई चुकीचा उच्चार करायची, लेक सुधारायची. ते ऐकताना मला वाटायचं, उद्या नोटीस आली तर ही वेणी कोण घालणार? पोर आईबरोबर जाणार की बापाजवळ राहणार? आणि मोठी झाल्यावर तिला कळलं की आईला आजीनं घालवलं, तर?

मग निवडणूक आली. मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला तोच कार्यकर्ता येणार हे मला माहीत होतं. दोन सकाळी मी दुधाच्या निमित्तानं चाळीच्या फाटकाशी उभी राहिले. तिसऱ्या सकाळी तो आला.

"मावशी, तीन आहेत तुमच्या घरात. तुमची, दादाची, सूनबाईंची."

मी तिन्ही ओढून घेतल्या. हळूच विचारलं, "हिचं नाव काढायचं झालं तर?"

"कशाला काढताय? असू द्या की. एक मत आहे घरातलं."

"पण काढायचंच झालं तर?"

"फॉर्म असतो. कारण लिहावं लागतं." तो माझ्याकडे बघायला लागला. "काय झालं, मावशी? काही लफडं?"

"छे," मी म्हटलं आणि जिना चढले. कारण लिहायचं म्हणजे गुन्हा लिहून द्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावलं.

मतदान माझ्याच जुन्या शाळेत होतं. ज्या वर्गात मी मुलांना चिमणीची गोष्ट सांगितली त्याच वर्गात टेबल मांडलं होतं. मतदान अधिकाऱ्यानं यादीवर पट्टी सरकवत माझं नाव काढलं. माझ्या नावाखालीच सुनेचा फोटो होता. व्हिसाचा फोटो, पांढऱ्या पडद्यासमोरचा.

"घरातल्या या दुसऱ्या बाई नाही आल्या?"

"गावाला गेलीय," मी म्हटलं.

घरी आले तर सुनेनं माझं बोट हातात घेऊन शाई पाहिली. "आई, next time माझी पण," ती म्हणाली. नात टाळ्या वाजवायला लागली. मी मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

अर्जाच्या चौकशीला पोलिसांकडून येणारा माणूस सांगितलेल्या दिवसाच्या एक दिवस आधीच आला. दुपारची वेळ, मुलगा कामावर, नात शाळेत. साध्या कपड्यातला, चाळिशीचा, बोलायला सभ्य. सुनेनं त्याला चहा दिला. त्यानं पासपोर्ट, लग्नाचा दाखला, राहण्याचा परवाना पाहिला. तिला मराठीत दोन प्रश्न विचारले, तिनं मराठीत उत्तरं दिली, तेव्हा तो खूश झाला. मी देवघराला पाठ लावून बसले होते. डबा माझ्या मागे, हातभर अंतरावर.

"शेजारच्या कोणाला बोलवा," तो म्हणाला.

समोरची वहिनी बोलवायची वाटच बघत होती. पदर सावरत दारात आली.

"किती वर्षं ओळखता यांना?"

"लगीन होऊन इली तेवापासना. सायबानू, काय सांगू तुमका, माझ्यापरास जेवाण बरा करता ता. गणपतीत उकडीचे मोदक काय, एरवी बांगड्याचा तिखला काय. पावणी म्हणान कोण सांगूचा नाय. अहो, तेचा तर..."

मला कळलं, ती कार्डाचं सांगणार आहे. कौतुकानं सांगणार होती, बिचारी. मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे, पण चाळीस वर्षांपासूनची शेजारीण ती. तिनं वाक्य तिथंच सोडलं.

"तेचा तर काय?" त्यानं विचारलं.

"तेचा तर सगळ्यांशी बरा जमता," वहिनी म्हणाली, आणि खाली बघत आपल्या खोलीत निघून गेली.

तो हसला. त्यानं कागदावर काही ओळी लिहिल्या आणि कागद सुनेपुढे ठेवला. "ताई, एवढी सही करा, मी निघतो. यात लिहिलंय की माहिती खरी आहे आणि तुम्ही भारताचं मतदार कार्ड, पासपोर्ट वगैरे काही घेतलेलं नाही."

सुटलो, असं मला वाटलं. खरंच वाटलं. सुनेनं पेन घेतलं. कागदावर वाकली, आणि मला तिची ती बारीक झुकलेली सही दिसली, अजून न केलेली. आजवर खोटी सही एकच होती, आणि ती माझी होती. आता ही पोर माझ्या खोट्याखाली आपली खरी सही करणार होती, आणि उद्या सापडलं असतं तर खोटारडी ती ठरली असती.

"थांब," मी ओरडले. "सही करू नकोस."

डबा उघडताना माझ्या हातून नथ खाली पडली. ती मी उचललीही नाही. कातरलेल्या कोपऱ्याचं ते कार्ड मी त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. फोटो कुठून आले, फॉर्म कुणी भरला, सही कुणी केली.

त्यानं कार्ड उलटून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, आता हे मला लिहावं लागणार."

"लिहा. माझं नाव लिहा. तिचं नको."

"तिचंच लिहावं लागतं. कार्ड तिच्या नावावर आहे. तुमचा जबाब जोडतो. पुढं काय होईल ते माझ्या हातात नाही."

त्यानं जबाब लिहून घेतला. त्याखाली मी माझ्या स्वतःच्या नावाची सही केली, आणि ती मला माझीच वाटेना, इतकी वेडीवाकडी आली.

तो गेल्यावर सून पाटावर बसून राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "आई, मला का नाही विचारलं?"

"तू हो म्हणाली असतीस," मी म्हटलं.

"नाही. मी नाही म्हणाले असते. बोटीवर पहिल्या दिवशी शिकवतात, wrong paper sign नाही करायचा. मला माहीत होतं. तुम्ही विचारलं नाही." आणि मग म्हणाली, "नाव पण नाही विचारलं."

आठ वर्षं मी त्या हसण्याला होकार समजत आले होते. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला धरलं. जवळ घेतलं नाही, नुसतं धरलं. मुलाला रात्री आल्यावर कळलं, आणि तो माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं.

अर्जाचं काय झालं ते विचाराल तर अजून काही नाही. वकीलबाई म्हणतात, आपण होऊन सांगितलंत ते बरं केलंत, पण खात्री देत नाही. फोन वाजला की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. सुनेनं एक बॅग वरच्या फळीवरून काढून पुसून परत ठेवली, ती मी पाहिली. पुसली का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ती सकाळ वेगळीच. वकीलबाई म्हणाल्या, यादीतून नाव तुम्हीच काढायला लावा. त्याच मतदारसंघातला कुणीही मतदार तसा अर्ज देऊ शकतो. मी गेले मतदार नोंदणीच्या कार्यालयात. सून बरोबर आली, मी नको म्हटलं तरी. खिडकीतल्या माणसानं फॉर्म दिला. वर अर्जदार म्हणून माझं नाव, खाली जिचं नाव काढायचं तिचं, मीच ठेवलेलं.

"तुमचं नातं काय?" त्यानं विचारलं.

"सासू."

त्यानं मान वर केली. मला बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या तिला बघितलं. "घरात भांडण आहे का, आजी? असे फॉर्म लोक भांडणात देतात."

"भांडण नाही," मी म्हटलं.

नाव का वगळावं, याची कारणं छापलेली होती. मृत. कमी वय. कायमचं स्थलांतर. दोनदा नोंद. आणि त्यातच एक, भारतीय नागरिक नाही. त्याच्यापुढे खूण करायची होती. सून आली त्या दिवसापासून जे वाक्य मी कुणाला तोंडातून काढू दिलं नव्हतं, समोरच्या वहिनीलाही नाही, ते मला माझ्या हातानं, माझ्या नावानं सरकारला लिहून द्यायचं होतं. मी पेन टेकवलं तसा कागद खिडकीच्या फळीवरून सरकायला लागला.

सून पुढे झाली. तिनं दोन बोटांनी कागदाचा कोपरा दाबून धरला.

"करा, आई," ती म्हणाली, आणि मी खूण केली.